पाहुण्या संघाचे गणित

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या गुणतक्त्यात संघाच्या एकूण जय-पराजयाशेजारी आणखी तीन रकाने असतात. घरच्या कोर्टावरचे सामने, परक्या कोर्टावरचे सामने आणि तटस्थ ठिकाणचे सामने अशी ती विभागणी असते. तो तक्ता उघडला की माझी नजर आधी मधल्या रकान्याकडे जाते आणि एकूण आकडा मी शेवटी पाहतो. जानेवारी संपता संपता एखाद्या संघाच्या खात्यावर सोळा-सतरा विजय दिसतात, समाजमाध्यमांवर त्यांचे कौतुक सुरू असते आणि मधल्या रकान्यात मात्र दोन विजय, चार पराभव असा हिशोब निघतो. अशा संघाविषयी मी मत राखून ठेवतो. आपल्या गल्लीत कुत्रेसुद्धा वाघ असते ही आपल्याकडची जुनी म्हण आहे, आणि तिकडच्या निवड समितीने नेमका हाच विचार आकड्यांत बसवला आहे.

मार्च महिन्यातील राष्ट्रीय स्पर्धेसाठी 68 संघ निवडले जातात. त्यांपैकी काही आपापल्या गटाचे, म्हणजे ठरावीक विद्यापीठांच्या साखळीचे, विजेते म्हणून थेट येतात आणि उरलेल्यांची निवड समिती करते. पूर्वी या निवडीसाठी 'आरपीआय' नावाचा निर्देशांक वापरला जात असे. पुरुषांच्या स्पर्धेत 2004-05 च्या हंगामापासून त्यात मोठा बदल झाला. परक्या कोर्टावरचा विजय 1.4 विजयांइतका, घरचा विजय 0.6 विजयाइतका आणि तटस्थ ठिकाणचा विजय पूर्ण एक असा धरला जाऊ लागला. पराभवाचा हिशोब याच्या बरोबर उलट होता, म्हणजे घरी हरणाऱ्याला 1.4 पराभवांचा फटका बसत असे. 2018-19 पासून 'नेट' ही नवी क्रमवारी आली, पण तिच्या आधारे होणाऱ्या विजयांच्या प्रतवारीमागचे तत्त्व तेच राहिले. पहिल्या प्रतीचा विजय मिळवायचा असेल तर घरी पहिल्या 30 क्रमांकांतील, तटस्थ ठिकाणी पहिल्या 50 मधील किंवा परक्या कोर्टावर पहिल्या 75 मधील संघाला हरवावे लागते. दुसऱ्याच्या दारात जाऊन 75 व्या क्रमांकाच्या संघाला हरवणे आणि आपल्या घरी 30 व्या क्रमांकाच्या संघाला हरवणे हे दोन्ही एकाच तोलाचे मानले जाते, यावरून ही मंडळी घरच्या कोर्टाला किती वजन देतात ते कळते.

हा फायदा प्रत्यक्षात किती असतो, हे नुसत्या टक्केवारीवरून सांगता येत नाही. नोव्हेंबर आणि डिसेंबरात मोठी विद्यापीठे लहान विद्यापीठांना चांगले मानधन देऊन आपल्या कोर्टावर खेळायला बोलावतात, आणि त्या सामन्यांचा निकाल बहुतेक वेळा चेंडू उडण्यापूर्वीच ठरलेला असतो. पाहुण्यांना पैसे मिळतात, यजमानांना विजय मिळतो आणि घरच्या विजयांची टक्केवारी फुगते. खरी परीक्षा गटातल्या सामन्यांत होते. 'बिग ट्वेल्व्ह' या गटात 2011-12 पासून 2022-23 पर्यंत दहाच संघ होते (नाव बाराचे आणि संघ दहा, पण ते असो) आणि प्रत्येक संघ उरलेल्या नऊ संघांशी एकदा घरी व एकदा बाहेर असे 18 सामने खेळत असे. समोरचा संघ तोच, हंगाम तोच, खेळाडूही तेच, फक्त कोर्ट बदललेले, अशी दुहेरी फेरी असली म्हणजे मग कोर्टाची किंमत मोजता येते. आकडेमोड करणारे जाणकार ही किंमत सामन्यामागे साधारण तीन ते चार गुणांची धरतात. ज्या खेळात दोन्ही संघ मिळून सहज 140 गुण करतात तिथे तीन गुण म्हणजे किरकोळ बाब वाटेल, परंतु तुल्यबळ संघांचा सामना शेवटच्या मिनिटात एका बास्केटच्या फरकावर येऊन ठेपतो आणि तिथे हेच तीन गुण सामन्याचे पारडे फिरवतात.

हे तीन-चार गुण येतात कुठून, हा माझ्या दृष्टीने या खेळातला सर्वांत गमतीचा प्रश्न आहे. क्रिकेटमध्ये यजमान आपल्याला हवी तशी खेळपट्टी करून घेतात. बास्केटबॉलमध्ये ती सोय नाही. तिकडचे प्रत्येक महाविद्यालयीन कोर्ट 94 फूट लांब व 50 फूट रुंद असते, रिंग दहा फुटांवर असते, जमीन लाकडी आणि बोर्ड काचेचा असतो. फरक असलाच तर चेंडूत असतो, कारण साखळी सामन्यांत चेंडू कोणत्या कंपनीचा वापरायचा ते यजमान ठरवतात आणि पाहुण्या संघाला आठवडाभर त्याच बनावटीच्या चेंडूवर सराव करून यावे लागते. वायोमिंग विद्यापीठाचे लॅरमी येथील कोर्ट समुद्रसपाटीपासून 7,220 फूट उंचीवर आहे आणि पाहुण्यांच्या डोळ्यांत भरावा म्हणून हा आकडा त्यांनी कोर्टावरच रंगवून ठेवला आहे. न्यू मेक्सिको विद्यापीठाचे 'द पिट' हे सभागृह पाच हजार फुटांहून थोडे अधिक उंचीवर आहे आणि त्याचे कोर्ट जमिनीखाली खोल खोदलेले असल्याने आवाज वर निसटत नाही. पण ही अपवादात्मक ठिकाणे झाली. सपाट प्रदेशातल्या, विमानाने तासाभरात पोहोचता येणाऱ्या दोन विद्यापीठांच्या सामन्यातही यजमानांचे पारडे जड राहते, तेव्हा उंची आणि प्रवास यांवर सगळे खापर फोडता येत नाही.

आपल्याकडची गोष्ट अगदी वेगळी आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. शिवाजी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत ज्यांनी बास्केटबॉल खेळला आहे, त्यांना यजमान महाविद्यालयाचे कोर्ट म्हणजे काय असते ते नीट ठाऊक आहे. सातारा बाजूच्या एका महाविद्यालयाचे सिमेंटचे कोर्ट माझ्या आजही डोळ्यांसमोर आहे. पश्चिमेकडच्या रिंगचा पुढचा भाग किंचित खाली झुकलेला होता. तिच्या बोर्डाचा डावा कोपरा आतून सडला होता, त्यामुळे चेंडू तिथे आदळला की भरल्या पोत्यावर धपका मारल्यासारखा आवाज येई आणि चेंडू उसळण्याऐवजी खाली गळून पडे. यजमानांचा एकही खेळाडू त्या बाजूने लेअप (रिंगजवळ धावत जाऊन बोर्डाच्या आधाराने टाकायचा चेंडू) मारत नसे. सगळे उजवीकडून शिरत. दुपारी चारनंतर सूर्य त्याच रिंगच्या मागे उतरत असे, आणि दुसऱ्या डावात त्या दिशेला पाहुण्यांनीच आक्रमण करावे अशी बाजूंची निवड झालेली असे. साइडलाइनजवळ एक ओले पोते अंथरलेले असे. यजमान खेळाडू येता-जाता त्यावर बुटांचे तळवे पुसून घेत आणि आम्ही त्या मातकट सिमेंटवर घसरत राहत असू. हे पोते सगळ्यांसाठीच आहे हे कळेपर्यंत आमचा पहिला डाव संपलेला असे. कराडला उतरून खाल्लेला वडापाव आणि एस.टी.त आखडलेले पाय यांचा हिशोब तर मी धरतच नाही.

असे कोर्ट असेल तर यजमानांच्या फायद्याचे कोडे पडतच नाही. अमेरिकेत मात्र सडका बोर्ड नाही, सूर्य नाही, ओले पोतेही नाही, तरीही फायदा शिल्लक राहतो. मग उरतात ती माणसे, म्हणजे प्रेक्षक, खेळाडू आणि पंच.

प्रेक्षकांविषयी सांगायचे तर ड्यूक विद्यापीठाच्या कॅमेरॉन इनडोअर स्टेडियममध्ये 9,314 लोक बसतात, म्हणजे तिकडच्या मानाने ते लहानच आहे. पण तिथे विद्यार्थी कोर्टाच्या इतके जवळ असतात की बाहेरून चेंडू आत टाकणाऱ्या पाहुण्या खेळाडूच्या पाठीला त्यांचे हात लागतील की काय असे वाटावे. कॅन्सस विद्यापीठाचे 1955 साली सुरू झालेले ॲलन फील्डहाउस अनेक वर्षे 16,300 लोकांचे होते. तिथे कॅन्ससने सलग 69 सामने जिंकले होते आणि 22 जानेवारी 2011 रोजी टेक्ससने ती साखळी तोडली. गंमत अशी की ज्यांनी हा खेळच शोधून काढला ते जेम्स नेस्मिथ कॅन्ससचे पहिले प्रशिक्षक होते आणि त्यांच्या कारकिर्दीत विजयांपेक्षा पराभव अधिक आहेत. हे सामने आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होतात. घरातले झोपलेले असल्याने मी आवाज बारीक ठेवून पाहतो, आणि त्यामुळे एक गोष्ट आपोआप ध्यानात आली. आवाज नसताना पाहुण्यांविरुद्धचे काही फाऊल अगदी फुसके दिसतात.

माझ्या या निरीक्षणाला प्रयोगाचा आधार आहे. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंग्लंडमधील 40 फुटबॉल पंचांना एकाच सामन्यातले 47 प्रसंग पडद्यावर दाखवले होते. काहींना प्रेक्षकांचा आवाज ऐकू येत होता आणि बाकीच्यांना चित्र मूक दिसत होते. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे साडेपंधरा टक्के कमी फाऊल दिले. त्या पंचांचे त्या मैदानाशी काही देणेघेणे नव्हते आणि त्यांना कोणी शिव्या घालत नव्हते. शंकेच्या क्षणी मनाने कानाचा कौल घेतला, एवढेच. बास्केटबॉलमध्येही 2004-05 च्या हंगामातील 365 महाविद्यालयीन सामन्यांचा अभ्यास झाला. त्यात असे दिसले की ज्या संघाचे फाऊल कमी झालेले असतात त्याच्यावर पुढचा फाऊल पडण्याची शक्यता वाढते, आघाडीवर असलेल्या संघावर अधिक फाऊल पडतात आणि यजमानांना एकंदरीत झुकते माप मिळते. पंच लबाड असतात असा याचा अर्थ मी लावत नाही. सेकंदाच्या आत निर्णय द्यायचा, दहा जणांचे हातपाय एकमेकांत गुंतलेले आणि हजारो माणसे एकाच सुरात ओरडत असलेली, अशा ठिकाणी माझ्या हातात शिट्टी असती तर मीही वेगळे काही केले नसते.

या एका शिट्टीचे मोल किती वाढत जाते ते नियमांवरून कळते. तिकडे पुरुषांच्या सामन्यात वीस-वीस मिनिटांचे दोन डाव असतात. एका डावात संघाचा सातवा फाऊल झाला की प्रतिपक्षाला एक फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता रिंगवर चेंडू टाकण्याची संधी, मिळते आणि तो पडला तरच दुसरा मिळतो. दहाव्या फाऊलपासून मात्र थेट दोन फ्री थ्रो मिळतात. त्यातच पाच फाऊल झालेला खेळाडू सामन्यातून बाद होतो. उंच, मधल्या जागेवर खेळणाऱ्या पाहुण्या खेळाडूवर पहिल्या आठ मिनिटांत दोन फाऊल पडले की प्रशिक्षक त्याला बाकावर बसवतात. ते दोन्ही फाऊल शंकास्पद होते हे दुसऱ्या दिवशी चित्रफितीत दिसून काही उपयोग नसतो, कारण तोपर्यंत रिबाउंडचे, म्हणजे रिंगवरून परतलेला चेंडू पकडण्याचे, गणित बिघडून गेलेले असते. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय नियमांनी दहा-दहा मिनिटांचे चार डाव खेळतात आणि प्रत्येक डावात पाचव्या सांघिक फाऊलपासूनच दोन फ्री थ्रो मिळतात, त्यामुळे हा परिणाम आपल्याला आणखी लवकर जाणवायला हवा.

फ्री थ्रोच्या वेळी रिंगमागे विद्यार्थी जो गोंधळ घालतात त्याचा प्रभाव मात्र मला फार वाटत नाही. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 2013 मध्ये रिंगमागे पडदा लावून, ऐन फ्री थ्रोच्या क्षणी तो उघडून चित्रविचित्र सोंगे दाखवण्याची प्रथा सुरू केली. पाहायला ती मजेदार आहे. पण फ्री थ्रो ही हजारो वेळा घोटलेली हालचाल असते आणि तिथे पंचाचा प्रश्न येत नाही. आवाजाने खेळाडूचा हात थरथरतो त्यापेक्षा पंचाचा हात अधिक लवकर वर जातो, असे माझे मत बनले आहे.

कोल्हापूरकराला हे पटवून द्यावे लागत नाही. आपल्या शहरातल्या फुटबॉलची रचनाच अशी आहे की घरचे मैदान आणि परके मैदान हा भेद तिथे उरत नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी हे तालमी-मंडळांचे संघ सगळे शाहू स्टेडियमवरच खेळतात. प्रवास नाही, अनोळखी जमीन नाही, चेंडूही तोच. तरीही त्या दिवशी कोणत्या तालमीची पोरे गॅलरीत जास्त आली आहेत यावर खेळाचा रंग बदलतो, हे तिथे नियमित जाणारा कोणीही सांगेल. गोलपेटीत खेळाडू पडला, एका बाजूची गॅलरी उभी राहिली, आणि ओठांपर्यंत शिट्टी नेलेल्या पंचाने क्षणभर थांबून लाइनमनकडे पाहिले, हा प्रसंग मोठ्या सामन्यात हमखास पाहायला मिळतो. कोर्ट, प्रवास आणि प्रेक्षक यांची गुंतागुंत सोडवून फक्त प्रेक्षकांचा परिणाम पाहायचा असेल, तर एखाद्या संशोधकाने खुशाल इथे येऊन बसावे. चहापाण्याची सोय आम्ही करू.

प्रेक्षकच काढून टाकले तर काय होते, याची परीक्षाही होऊन गेली आहे. 2020 साली करोनाकाळात जर्मनीतील फुटबॉल साखळी रिकाम्या मैदानांवर पुन्हा सुरू झाली, तेव्हा यजमानांचे विजय घटले आणि पाहुण्यांना मिळणाऱ्या पिवळ्या कार्डांमध्येही घट झाली. बास्केटबॉलमधले उदाहरण याहून जुने आहे. 1989 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील सिएना महाविद्यालयात गोवराची साथ आली आणि त्यांच्या गटातले अनेक सामने प्रेक्षकांविना खेळवावे लागले. पुढे त्या सामन्यांचा अभ्यास झाला तेव्हा शांत सभागृहात दोन्ही संघांचा खेळ सुधारलेला आढळला. म्हणजे घरचे प्रेक्षक घरच्या खेळाडूंनाही थोडे जड होतात. सिएनाने गटाची अंतिम स्पर्धा त्याच शांततेत जिंकली आणि मग राष्ट्रीय स्पर्धेत तिसरे मानांकन असलेल्या स्टॅनफर्डला 80-78 असे हरवले. तो सामना तटस्थ कोर्टावरचा होता, हे मुद्दाम नमूद करतो.

तरीही परक्या कोर्टावर जिंकणारे संघ असतात. केंटकी विद्यापीठाने घरच्या कोर्टावर सलग 129 सामने जिंकले होते. जानेवारी 1955 मध्ये जॉर्जिया टेक या सामान्य समजल्या जाणाऱ्या संघाने त्यांच्या घरात शिरून 59-58 असा विजय मिळवला आणि महिना संपण्यापूर्वी आपल्या घरीही त्यांना पुन्हा हरवले. याच्या उलट यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाची कथा आहे. प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या या संघाने सलग 88 सामने जिंकले. त्या साखळीपूर्वीचा शेवटचा पराभव जानेवारी 1971 मध्ये नोत्र दामच्या कोर्टावर झाला होता आणि साखळी तुटली तीही 19 जानेवारी 1974 रोजी त्याच कोर्टावर. यूसीएलए 70-59 असे पुढे होते, शेवटची साडेतीन मिनिटे उरली होती, आणि तिथून नोत्र दामने सलग 12 गुण घेऊन 71-70 असा सामना काढला. आठवडाभरातच हेच दोन संघ लॉस एंजेलिसला समोरासमोर आले आणि यूसीएलएने 94-75 असा विजय मिळवला. एका आठवड्यात वीस गुणांचा फेर पडला. तो सगळा कोर्टाचा प्रताप असे मी म्हणणार नाही, कारण दुखावलेला मोठा संघ नंतर कसा खेळतो तेही त्यात आहे. पण त्या शेवटच्या साडेतीन मिनिटांत यूसीएलएला एकही गुण करता आला नाही, ही गोष्ट रिकाम्या सभागृहात घडली असती असे मला वाटत नाही.

पाहुणा संघ जिंकतो तेव्हा तो काय करतो, हे पाहत राहिल्यावर काही सवयी ओळखीच्या होतात. तो सामन्याचा वेग कमी करतो, चेंडू रिंगवर टाकण्यासाठी मिळणाऱ्या 30 सेकंदांपैकी (यालाच शॉट क्लॉक म्हणतात) 20-22 सेकंद चेंडू फिरवतो आणि गर्दीला ओरडण्याचे निमित्त कमी देतो. बचावात तो हात आवरून पायांवर भर देतो, म्हणजे शंकेच्या जागा कमी होतात आणि पंचाला कानाचा कौल घेण्याची वेळ कमी येते. यजमानांनी सलग सहा-सात गुण केले की चांगला प्रशिक्षक टाइमआऊट घेतो. खेळाडूंना त्या वेळी नवे काही सांगायचे नसले तरी उभे राहिलेले लोक खाली बसावेत एवढा हेतू पुरेसा असतो. काही संघ आदल्या दिवशीच्या सरावात मोठे ध्वनिवर्धक लावून खुणांनी खेळ चालवण्याची सवय करतात. आमचे सर ध्वनिवर्धक कुठून आणणार? ते सरावाच्या वेळी शेजारच्या कबड्डीच्या मैदानावरची सगळी पोरे बोलावून साइडलाइनला उभी करत आणि त्यांना सांगत, "यांना काय वाट्टेल ते बोला, फक्त आई-बाप सोडून." आम्ही चिडत असू. पण पुढच्या सामन्यात प्लेमेकरचा आवाज ऐकू आला नाही तरी त्याने वर केलेली दोन बोटे सगळ्यांना दिसत असत.

आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुधा एकाच यजमान महाविद्यालयात एक-दोन दिवसांत, बाद पद्धतीने उरकल्या जातात. घरी एक आणि बाहेर एक असे दोन सामने खेळवायला वेळ, पैसा आणि परीक्षांचे वेळापत्रक यांपैकी काहीच पुरणार नाही, हे मान्य आहे. पण यजमान संघाच्या सामन्याला पंच दुसऱ्या विभागातून बोलावणे, बाजूंची निवड दोन्ही कर्णधारांसमोर नाणे उडवून करणे, यजमानपद दरवर्षी फिरते ठेवणे आणि सामन्याआधी पाहुण्या संघाला दोन्ही रिंगवर अर्धा तास सराव देणे यांना फारसा खर्च येत नाही. विद्यापीठाचा संघ निवडताना तर निवड समितीने खेळाडूची कामगिरी कोणत्या कोर्टावरची आहे तेही पाहावे. यजमान महाविद्यालयाच्या खेळाडूने आपल्या घरी केलेल्या वीस गुणांपेक्षा, पहाटेच्या एस.टी.ने येऊन अनोळखी रिंगवर एखाद्या मुलीने किंवा मुलाने केलेले चौदा गुण मी तरी वर धरेन. पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेल्यावर आपला संघ दरवेळी पाहुणाच असतो, आणि तिथे हाच खेळाडू लागतो.